रास आणि माळ

चांगल्या माणसाला आपण ‘बंदा रुपया’ म्हणतो, रोखठोक बोलण्याला ‘खणखणीत’ म्हणतो आणि परक्यावर विश्वास टाकण्यापूर्वी त्याला ‘वाजवून घ्यावे’ असे एकमेकांस बजावतो. ज्या नाण्याने हे शब्दप्रयोग आपल्या भाषेला दिले, तो चांदीचा रुपया टांकसाळीतून निघायचा थांबला त्यास आता ऐंशी वर्षे झाली. शहरात तो सराफाच्या काचेमागे किंवा लक्ष्मीपूजनाच्या तबकात काय तो दिसतो. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर मात्र तो अजून माणसांत वावरतो. एखादी वृद्ध वारली स्त्री आठवड्याच्या बाजाराला निघाली की तिच्या गळ्यात जाड दोऱ्यात ओवलेली रुपयांची माळ असते आणि चालताना त्या रुपयांचा बारीक आवाज होत राहतो.

या भागात धर्मगुरू म्हणून आमची अकरा वर्षे गेली. या काळात चांदीचे दोन प्रकारचे साठे आमच्या पाहण्यात आले. एक ही माळ. दुसरा साठा अलीकडचा. कपाटात एकावर एक रचून ठेवलेल्या मोठाल्या नाण्यांची रास. दोहोंचा धातू एकच आणि दोहोंच्या मुळाशी असलेली उद्याची चिंताही एकच. तरीही दोन्ही साठे एकसारखे नाहीत. त्यांतील भेदाविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

प्रथम माळेकडे वळू. तिच्यातील रुपयाला आपले जुने लोक ‘कलदार’ किंवा ‘राणीछाप’ म्हणत. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन एक तोळा, म्हणजे आजच्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. १८४०पासून त्यावर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आला, १९०३पासून सातव्या एडवर्डचा आणि १९११पासून पाचव्या जॉर्जचा. १९११च्या रुपयावर राजाच्या अंगावरील पदकमाळेत जो हत्ती कोरला होता तो लोकांना डुकरासारखा दिसला आणि त्यावरून एवढा गवगवा झाला की पुढच्याच वर्षी सरकारला छाप सुधारावा लागला. मुखवटे बदलले, परंतु वजन आणि कस १९४०पर्यंत बदलला नाही. सोनार तोळ्याचे माप म्हणून तराजूत रुपयाच टाकीत आणि अशा ऐंशी रुपयांचा शेर होई. ज्या स्त्रीच्या गळ्यात रुपया होता तिच्याजवळ केवळ धन नव्हते. ते धन मोजण्याचे मापही तिच्याच गळ्यात होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचाच प्रश्न येणार आहे.

हा रुपया गळ्यातच का, पेटीत का नाही? ज्याने येथील जुनी घरे पाहिली आहेत त्याला हा प्रश्न पडणार नाही. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचे छप्पर, दाराला कुलूप नाही आणि घरात कुलूप लावण्याजोगी पेटीही नाही. वर्षातील काही महिने पोटासाठी गाव सोडायचे. पूर्वी जंगलाच्या ठेक्यावर आणि गवत कापण्याच्या कामावर, आता वीटभट्टीवर किंवा बांधकामावर. अशा जीवनात जे अंगावर राहते तेवढेच आपले असते. शिवाय माळेचा एक मोठा गुण असा की ती सुटी होते. एका रुपयाची गरज असेल तर एकच रुपया काढावा आणि दोरा पुन्हा बांधावा.

त्या काळी गरज कशाची असे, तेही पाहावयास हवे. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी आणायची आणि पीक आले की ती वाढीसह फेडायची. मुलाचे लग्न काढायचे तर कर्ज काढायचे आणि त्या कर्जापायी नवरा-बायकोने मालकाच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे. या माणसांना ‘लग्नगडी’ म्हणत. मुंबई सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३०च्या दशकाअखेरीस या आदिवासी मुलखाची पाहणी करून हे सारे सरकारदरबारी मांडले होते. पुढे १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली, वेठ आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध लढा उभा राहिला, आणि गोदावरी परुळेकरांनी तो आपल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदवून ठेवला. वेठ गेली, लग्नगडी गेले. परंतु पावसाळ्यात माळ गहाण जाते आणि दिवाळीनंतर सोडवली जाते, हा क्रम कित्येक घरांत आजही चालू आहे. माळ सुटली की ते वर्ष बरे गेले असे समजतात.

या लहानशा रुपयाचा संबंध किती दूरवर पोहोचतो, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. पहिल्या महायुद्धात कागदी नोटांवरचा लोकांचा विश्वास डळमळला. १९१७ साली सरकारने एक रुपयाची नोट काढली, तरी लोक नोटा परत करून चांदीच मागू लागले आणि सरकारजवळची चांदी संपत आली. तेव्हा १९१८ साली अमेरिकेने पिटमन कायदा केला आणि त्याखाली आपले पंचवीस कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी हिंदुस्थानासाठी विकली. त्यानंतर पाडलेला एखादा जॉर्जछाप रुपया तलासरीच्या पाड्यावर पाहताना, त्यातील चांदी एके काळी अमेरिकेच्या तिजोरीत डॉलर होऊन पडली असेल काय, असा विचार आमच्या मनात डोकावतो. साम्राज्याची पत ज्या चांदीने सावरली तीच चांदी एका शेतमजूर बाईच्या गळ्यात येऊन विसावली, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

आता दुसरा साठा. अलीकडच्या वर्षांत या दोन तालुक्यांतून द्रुतगती रेल्वे आणि द्रुतगती महामार्ग यांसाठी जमिनी गेल्या आणि काही घरांत पूर्वी कधी न पाहिलेली रक्कम मोबदला म्हणून आली. या पैशाचे काय करावे हा प्रश्न घेऊन लोक आमच्याकडेही येतात. उंबरगावच्या कारखान्यात नोकरी करणारा, मेळाव्यांत हिरिरीने भाग घेणारा आमच्या धर्मग्रामातील एक तरुण असाच एके दिवशी आम्हांला घरी घेऊन गेला. कपाट उघडून त्याने शंभर ग्रॅमच्या, पाचशे ग्रॅमच्या आणि एक किलोच्या चांदीच्या नाण्यांची रचलेली रास दाखवली. प्रत्येक नाणे प्लॅस्टिकच्या डबीत बंद आणि त्यावर शुद्धतेचा आकडा.

“फादर, एवढा आशीर्वाद द्या,” तो म्हणाला.

आम्ही म्हणालो, “आशीर्वाद तुला देतो, बाळा. चांदीला त्याची गरज दिसत नाही. ती आधीच डबीत सुरक्षित आहे.”

तो हसला आणि आम्हीही हसलो. परंतु त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. नोटांची किंमत घटते, जमीन गेली ती परत येत नाही, आणि चांदी शंभर वर्षांनीही चांदीच राहते, असा त्याचा युक्तिवाद होता. जगात अनेकांचा तोच आहे. अमेरिकेच्या सरकारी टांकसाळीने १९८६पासून आणि कॅनडाच्या टांकसाळीने १९८८पासून केवळ साठवण्यासाठी म्हणून एक औंसाची चांदीची नाणी काढली. अमेरिकेतील नाणी वीस-वीसच्या नळ्यांत आणि पाचशेच्या पेट्यांत मिळतात, आणि लोक त्या तळघरात रचतात. ऑस्ट्रेलियातून तर किलोची नाणीही येतात. मोठे नाणे घेण्यामागे साधा हिशेब आहे. लहान नाण्यावर ग्रॅममागे घडणावळ अधिक पडते, मोठ्यावर कमी पडते. तेव्हा तेवढ्याच पैशांत चांदी जास्त येते. आपल्याकडे तीन टक्के जीएसटी दोहोंवर सारखाच लागतो.

हिशेब खरा आहे, पण तो घेण्याच्या वेळचा आहे. देण्याच्या वेळचा हिशेब निराळा असतो. गेल्या वर्षी याच तरुणाच्या वडिलांना अचानक वलसाडच्या इस्पितळात न्यावे लागले आणि तातडीने चाळीस हजार रुपये हवे झाले. लहान नाणी आधीच एका लग्नात संपली होती आणि राशीत उरली होती ती किलोची दोन नाणी. किलोचे नाणे काही चिरता येत नाही. एक संपूर्ण नाणे विकावे लागले. दुकानदाराने विकत घेण्याचा भाव लावला, आणि तो विकण्याच्या भावाहून कमी असतोच. हाती आलेल्या रकमेतून इस्पितळाचे बिल भागले, वडील घरी आले, देवाची कृपा. उरलेली रक्कम मात्र पुन्हा चांदी होऊ शकली नाही. ती मोटारसायकलीच्या हप्त्यांत आणि घरच्या किरकोळ खर्चात विरून गेली. आजीच्या माळेतून चार रुपये निघाले असते, येथे आख्खी वीट निघाली.

मोठ्या नाण्याच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी सांगावीशी वाटते. आकार म्हणजे कस नव्हे. १९६९ साली गांधीजन्मशताब्दीनिमित्त निघालेले दहा रुपयांचे चांदीचे नाणे अनेक घरांत जपलेले आढळते. ते १५ ग्रॅमचे असून त्यात ८० टक्के चांदी आहे. त्यानंतर १९७३ साली वीस रुपयांचे आणि पुढल्या वर्षी पन्नास रुपयांचे नाणे निघाले. ही ४४ मिलिमीटर रुंदीची, तळहातावर ठेवली तर भारदस्त वाटणारी नाणी; परंतु त्यांत चांदी निम्मीच. राणीछाप रुपया त्यांच्यापुढे ठेंगणा दिसतो आणि कसाला मात्र कितीतरी सरस ठरतो.

आणि भावाचे म्हणाल तर चांदीसारखा चंचल धातू नाही. १९८० सालच्या जानेवारीत अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीने तिचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला आणि मार्च संपण्यापूर्वी अकरा डॉलरच्या खाली कोसळला. २०११च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा त्याच उंचीजवळ जाऊन उतरला. २०२५ साली आपल्याकडे किलोमागे दीड लाख रुपयांचा टप्पा ओलांडला गेला आणि खेड्यापाड्यांतही चांदीच्या गोष्टी सुरू झाल्या. या साऱ्या चढउतारांत माळेवाल्या बाईने काही विकले नाही आणि काही घेतलेही नाही. तिची चांदी भावासाठी नव्हतीच. ती अडचणीसाठी होती. मात्र याच कारणामुळे तिला भाव ठाऊक नसतो, आणि तेथे तिची फसगत होते.

२०२५च्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक वृद्ध बाई आपल्या नातीला घेऊन आमच्याकडे आली. नातीला परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता आणि बारा हजार रुपये भरायचे होते. बाजारातील एका माणसाने संपूर्ण माळेवर नऊ हजार रुपये देऊ केले होते. पावती देणार नाही, चांदी जुनी आहे, काळी पडली आहे, डाख लावल्याने तिची किंमत गेली आहे, असे त्याने सांगितले होते. बाईचे म्हणणे एवढेच होते की फादरांनी चिठ्ठी दिली तर तो कदाचित दहा देईल.

आम्ही चिठ्ठी दिली नाही. धर्मभगिनींच्या दवाखान्यातून लहान वजनकाटा मागवला आणि शाळेच्या प्रयोगशाळेतून लोहचुंबक. माळेत बावीस रुपये होते. नातीने एकेक रुपया वाचला आणि कागदावर मांडला. सात व्हिक्टोरियाचे, तीन एडवर्डचे, सात पाचव्या जॉर्जचे. हे सतरा चांगल्या कसाचे. चार रुपये १९४०नंतरचे, युद्धकाळातले, ज्यांत सरकारने चांदी निम्म्यावर आणली होती. आणि एक रुपया लोहचुंबकाला जाऊन चिकटला. तो १९४७चा, मागे वाघाचे चित्र असलेला, निकेलचा होता. त्यात चांदीचा कणही नव्हता. गहाणातून माळ सोडवताना कधी तो बदलून आला, की तिच्या आईनेच एखादी रिकामी जागा भरण्यासाठी तो ओवला, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

मग नातीने हिशेब केला. चांगल्या कसाच्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी, युद्धकाळच्या रुपयात ५.८ ग्रॅम. झीज धरूनही माळेत दोनशे ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी भरली. त्या दिवसांत भाव किलोला दीड लाखाच्या आसपास होता. म्हणजे माळ तीस हजारांच्या जवळपासची. काळेपणाचे म्हणाल तर तो हवेतील गंधकाचा थर. चांदीच्या वजनाला त्याने बाधा येत नाही. कडी डाखल्याने नाणेसंग्राहकाच्या लेखी रुपयाची किंमत उतरते हे खरे, परंतु मोडीच्या व्यवहारात चांदी ती चांदीच. बाईने आकडा ऐकला, थोडा वेळ गप्प बसली आणि माळेतून दहा रुपये सोडवून बाजूला काढले. परवाना असलेल्या दुसऱ्या सावकाराकडे त्या दहांवर पावतीसह बारा हजार मिळाले. उरलेले बारा रुपये तिने पुन्हा ओवले आणि निकेलचा तो वाघही त्यांत ठेवला.

वाचकहो, ही कथा सांगण्यात आमचे कर्तृत्व काही नाही. काटा धर्मभगिनींचा आणि हिशेब नातीचा. सांगायचे ते असे की ज्या रुपयाने एके काळी तोळा ठरत असे, त्याच रुपयाचे वजन आज त्याच्या मालकिणीला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. चांदी तिच्या गळ्यात राहिली, माप मात्र हातून गेले. आमच्या दृष्टीने खरी हानी ती ही.

माप परत मिळवण्याची साधने आज उपलब्ध आहेत. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, आणि गहाण घेतलेल्या वस्तूची पावती देणे सावकारावर बंधनकारक आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे करता येते. रिझर्व्ह बँकेने जून २०२५मध्ये सोन्याप्रमाणेच चांदीच्या तारणासाठीही नियम जाहीर केले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची मुदत ठरवली. त्यांप्रमाणे चांदीचे दागिने दहा किलोपर्यंत आणि नाणी पाचशे ग्रॅमपर्यंत तारण ठेवता येतात. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात तारणाच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. चांदीचा कस ऋणकोच्या समक्ष पाहिला पाहिजे, अटी त्याच्या भाषेत सांगितल्या पाहिजेत, आणि तो निरक्षर असल्यास बाहेरच्या साक्षीदारासमोर समजावल्या पाहिजेत. कर्ज फिटल्यावर तारण परत करण्यात धनकोच्या चुकीने विलंब झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे. नियमाने परवानगी दिली म्हणून प्रत्येक शाखा चांदीवर कर्ज देईलच असे नव्हे, विचारावे लागेल. परंतु विचारण्याचा अधिकार आहे, हे माहीत असणे हीच पहिली पायरी. राशीवाल्यांनीही ध्यानात घ्यावे की नाण्यांची मर्यादा पाचशे ग्रॅम आहे, आणि विटा किंवा लगडी यांवर या नियमांखाली कर्ज मिळत नाही.

साठवणे हे पाप आहे काय, असे त्या तरुणाने आम्हांला विचारले होते. संत लूकच्या शुभवर्तमानात दहा चांदीची नाणी असलेली एक स्त्री आहे. एक नाणे हरवते तेव्हा ती दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधते. प्रभूने तिला लोभी म्हटलेले नाही. उलट तिच्या शोधाला स्वर्गातील आनंदाची उपमा दिली. वारली पाड्यावर हा दाखला वाचला की प्रवचनाची फारशी गरज पडत नाही. बायका एकमेकींकडे पाहून माना डोलावतात. त्या स्त्रीला आपली नाणी किती हे ठाऊक होते, एक उणे झाले की कळत होते, आणि ते सापडल्यावर तिने शेजारणींना बोलावले. तिचा साठा तिच्या मोजण्यात होता आणि शेजारणींच्या माहितीत होता. आमच्या मते चांगल्या साठ्याची कसोटी एवढीच. जी रास कोणाला दाखवायची भीती वाटते आणि जिच्यातून अडचणीच्या वेळी थोडे काढता येत नाही, ती घरात असूनही फारशी उपयोगी पडत नाही.

त्या तरुणाने आता किलोची नाणी घेणे सोडले आहे. दहा-वीस ग्रॅमची घेतो, घडणावळ अधिक पडते तरी. आमच्या बचत गटातील बायकांनी वर्गणी काढून एक वजनकाटा आणि एक लोहचुंबक विकत घेतला आहे, आणि रविवारच्या मिस्सानंतर तो काटा सभागृहाच्या ओट्यावर मांडला जातो. धर्म कोणताही असो, ज्याला आपली चांदी तोलून पाहायची असेल त्याने यावे. राणीछाप कोणता आणि युद्धकाळातला कोणता, हे सांगायला परिचारिकेचे शिक्षण घेणारी ती मुलगी सुट्टीत घरी आली की तेथे बसते. भाव तिने आदल्या दिवशीच वहीत लिहून आणलेला असतो.